झाकल्या नाण्याची इंदूआक्का

खरं सांगा, तुमची बहीण जातीबाहेर लग्न करून निघून गेली, तर तिला शोधायला तुम्ही पहिला फोन कुणाला लावाल?

पोलिसांना नाही. बँकेत कारकून असलेल्या मित्राला लावाल. मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्या मेहुण्याला लावाल. तो चहा पिता पिता बघून सांगेल, की काल सकाळी अमुक गावातल्या अमुक किराणा दुकानात तिच्या खात्यातून पैसे गेले. त्यात आपण काही वाईट केलं असं त्याला वाटणारही नाही. आपल्याकडे याला ओळख म्हणतात. मी याला सुपारी म्हणते. खुनाची सुपारी, फक्त घेणारा तिचे पैसे घेत नाही.

हा शब्द माझा, पण त्यामागची अक्कल इंदूआक्काची. इंदू सरवदे. सोलापूरच्या बुधवार पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत जमिनीत पुरलेलं लोखंडी उखळ होतं. आक्का आणि शेजारच्या दोन बायका मिळून शेंगाचटणी कुटायच्या आणि ती चटणी थेट पुण्यापर्यंत जायची. मुसळ आक्काच्या हातात. बुटकी, रुंद खांद्यांची, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. बोलायला लागली तरी मुसळ थांबायचं नाही, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दणका देऊनच संपायचं. सकाळी दहा ते दुपारी चार आमच्या गल्लीला तो आवाज इतका सवयीचा होता, की तो थांबला तरच लोक दाराबाहेर डोकवायचे.

आमच्याकडे माणूस दिसला की विचारतात, "कुटं निघालाव?" त्याला उत्तर अपेक्षित नसतं, तो नमस्कारच असतो. आक्का मात्र हे कुणाला, कधीही विचारत नसे. मी एकदा पिशवी घेऊन जाताना आपणहून म्हणाले, "आक्का, पुण्याला चाललेय." तिनं मुसळ उचललेलं तसंच वर धरलं.

"मी इचारलं का तुला?"

"नाही."

"मग कशाला सांगती? मला म्हाईत नको. जा."

नव्या सुना तिला शिष्ट समजायच्या. माझी आई म्हणायची, "ती शिष्ट न्हाय गं. तिनं एकदा बघितलंय."

तिनं काय बघितलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं, शेंगा निवडत. विशीत असताना ती स्टँडाजवळच्या एका एसटीडी बूथवर कामाला होती. काचेची खोली पुसायची, मीटर बघायचं, सुट्टे द्यायचे. एक मुलगी दर आठवड्याला येऊन कुठं तरी लांब फोन लावायची. पळून गेलेल्या मैत्रिणीला. एक दिवस ती फोन करून बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग दोन माणसं आत आली. मालकाच्या गावचीच. रामराम झाला. त्यांनी विचारलं, आत्ता त्या पोरीनं कुठं फोन लावला? मालकानं रिसीव्हर उचलला, शेवटचा नंबर परत फिरवायचं बटण दाबलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून कुणी तरी आपल्या लॉजचं नाव सांगितलं. तेवढं पुरलं.

पुढच्या आठवड्यात मंद्रूपच्या पलीकडे एका विहिरीत ती पळून गेलेली मैत्रीण सापडली. हात मागे बांधलेले. बातमी ज्या कागदात आली, त्याच कागदात मालकानं भजी खाल्ली. आक्का म्हणाली, "त्याला ठावं बी नव्हतं का त्यानं काय केलं. म्हणला, अरारा, लई वाईट झालं." तिनं काउंटरवरचं पितळी वजन उचलून आधी फोन फोडला, मग काच फोडली, मग मालकाचं बोट फोडलं, ते बटण दाबणारं. त्यासाठी ती पोलीस चौकीत एक दिवस बसली. मालक एक तासही बसला नाही.

त्यानंतर ती जन्मभर एकच काम करत राहिली. जातीबाहेर लग्न केलेल्या, मारेकरी मागावर असलेल्या पोरापोरींना गावाबाहेर काढायचं आणि पाय रोवेपर्यंत खर्चाला पैसे पोचवायचे. समाजमंदिरात आमची आठदहा जणांची बैठक बसायची. संस्था नाही, पाटी नाही, शिक्का नाही. बरीच वर्षं पैसे हातानं पोचवले जायचे. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि आम्हाला वाटलं, आता सोपं झालं. बटण दाबलं की पैसे पोचतात.

पैसे पोचले. त्यांच्या मागोमाग माणसंही पोचली. आम्ही लपवलेल्या एका पोराच्या खात्यावर आमच्यातल्या एकानं पैसे टाकले. मुलीच्या चुलत्याची बँकेत ओळख होती. त्यांनी पोराला त्याच्या खोलीबाहेर ओढलं, मोटारीच्या जॅकचा दांडा घेतला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले. एकदा मोडून थांबले नाहीत. मुलीला ते घेऊन गेले. ती आज कुठे आहे, हे मला माहीत नाही, आणि या वेळचं हे माहीत नसणं चांगलं नाही.

त्या पोराला दवाखान्यात बघून आल्यावर आक्का तीन दिवस नुसती चटणी कुटत राहिली. मग अशोक चौकात श्रीनिवासकडे गेली. श्रीनिवास म्हणजे मागवाल्या घरातला तेलुगू पोरगा. खाली वडिलांचे यंत्रमाग धडधडायचे, वर तो कॉम्प्युटरवर परदेशातली कामं करायचा.

"ते नवं नाणं निघालंय म्हणं, कुणाला दिसत न्हाय ते. ते शिकीव मला."

"आक्का, तसं नाही ओ ते. बहुतेक नाणी सगळ्यांना दिसतात. लोकांना वाटतं लपलेलं आहे."

"मग जे खरंच दिसत न्हाय ते शिकीव. लई बोलू नको बे."

ती शिकली. वेळ लागला, चष्म्याचा नंबर वाढला, श्रीनिवासशी भांडणं झाली. मग एका रविवारी बुद्धवंदना झाल्यावर तिनं आम्हाला समाजमंदिरात बसवलं आणि शिकवलं. समोर आमचे शेख वकील बसले होते. त्यांचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही, म्हणून ते आमच्यात असणं गरजेचं होतं.

"हे बघा," आक्का म्हणाली. "ज्या नाण्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, ते म्हंजे चावडीवरची पाटी. कुणाचं नाव नसतंय तिथं, नुसता आकडा असतोय. पण ह्या आकड्यानं त्या आकड्याला किती दिलं, ते जगात कुणीबी, कवाबी वाचावं. एकदा का हा आकडा इंदूचा हाय असं कळलं, की इंदूचं मागचं पुढचं सगळं उघडं. लुगडं फेडल्यागत."

"मग आपलं नाणं?" मी विचारलं.

"त्याचीबी पाटी हायच. पण तीन पडदे हायत."

पहिला पडदा रकमेवरचा. आक्काचे वडील मंगळवेढ्याकडच्या बैलबाजारात दलाल होते. तिथं सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. "भवती शंभर माणूस उभं असतंय. बैल इकला हे सगळ्यास्नी दिसतंय. कितीला इकला हे दोन हातांनाच ठावं."

शेख वकिलांनी मान हलवली. "आक्का, रुमाल के नीचे झूट बोला तो? जेब में नहीं सो वो पैसे दे दिया बोलके बताया तो?"

तिला हाच प्रश्न हवा होता. तिनं चटणीच्या तागडीत दोन्ही बाजूंना तोंड शिवलेल्या पिशव्या ठेवल्या. "किती आलं ह्या पारड्यात, किती गेलं त्या पारड्यात. काटा मधी उभा ऱ्हायला का न्हाय? मग पिशवीचं तोंड कशाला सोडायचं? आत शेंगा हायत का सोनं, तुमाला काय करायचंय? जेवढं आलं तेवढंच गेलं, हे कळलं की झालं." गणितात हे कसं करतात, ते श्रीनिवासनं पाटीवर लिहून दाखवलं. मला निम्मं कळलं. काटा मात्र पुरता कळला.

दुसरा पडदा देणाऱ्यावरचा. नाणं खर्च करताना सही एकट्याची होत नाही. त्या चावडीच्या पाटीवरची दुसऱ्या अनोळखी लोकांची जुनी नाणी आपल्या नाण्याशेजारी उभी केली जातात आणि सही त्या घोळक्याच्या नावावर उमटते. घोळक्यातल्या कुणी तरी एकानं सही केली, एवढं पक्कं सिद्ध होतं. कुणी केली, ते बाहेरच्याला सांगता येत नाही.

"फिर तो एकच सिक्का दो दफा चलाएंगे लोगां," शेख वकील म्हणाले.

"मतदानाला शाई लावत्यात की बोटाला. समजा, पडद्याला एक भोक हाय. मागं घोळका. भोकातनं एक बोट भाईर येतंय, शाई लागती, मत पडतंय. तेच बोट परत आलं तर शाई दिसती, हाकलून देत्यात. पण तोंड कुणाचं, ते पडद्याच्या मागं." प्रत्येक नाणं खर्च होताना असा एकच डाग मागे ठेवतं. तोच डाग दुसऱ्यांदा दिसला की हिशेब ठेवणाऱ्या कॉम्प्युटरांचं सगळं जाळं तो व्यवहार फेकून देतं. डागावरून माणूस मात्र ओळखता येत नाही.

तिसरा पडदा घेणाऱ्यावरचा. हा तिनं दाराबाहेर बोट दाखवून समजावला. तिथं आम्हा सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. "तुमचा ठावठिकाणा म्हंजे तुमच्या पायाचं माप. मी तुमाला पैसे देती म्हंजे त्या मापाची नवी कोरी चप्पल शिवून ढिगात टाकती. दर बारीला नवी. बघणाऱ्याला ढीग दिसतोय. कुठली चप्पल कुणाची, ती आधीच्या चपलेची जोडी हाय का न्हाय, त्याला काय कळत न्हाय. तुमी येऊन पाय घालून बघायचा. तुमची असंल तिलाच पाय बसतोय."

शेख वकील उठले, बाहेर जाऊन आपली चप्पल शोधून घातली आणि परत येऊन बसले. म्हणाले, "चलेगा."

"न्हाय चालत," आक्का म्हणाली. "नाणं गप बसतंय. माणूस बसत न्हाय. नाण्याचे रुपये करायला कुणाचा तरी हात लागतोय, तितं सापडतोय माणूस. म्हणून त्या पोरांनी तितं कुणाकडनं रोख घेतलं, ते मला सांगायचं न्हाय. कुठल्या गावात हायत, ते सांगायचं न्हाय. सगळ्यांनी ध्यानात ठेवा. म्हाईत असणं म्हंजे पाप."

लपलेल्यांसाठी तिचे नियम कडक होते. बँकेत खातं उघडायचं नाही. पैशाचं पाकीट मोबाईलवर फक्त रविवारी उघडायचं, एरवी मोबाईल बंद. फोनवर कुणी इंदूआक्काचं नाव सांगितलं तरी विश्वास ठेवायचा नाही, प्रत्यक्ष इंदूआक्का बोलली तरी नाही.

ही गोष्ट बाहेर फुटल्यावर एक गुत्तेदार तिच्याकडे आला. रस्त्यांची कामं घेणारा, पांढरा शर्ट, सोन्याचं कडं. उंबऱ्यात उभा राहून हसत म्हणाला, "आक्का, आमचंबी थोडं झाकून द्या की. तुमचंबी भागवू."

आक्कानं उखळातली गरम, तिखट चटणी मूठभर उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. तो डोळे चोळत, शिव्या देत गटारीत बसला. तिथूनच ओरडला, "पोरी पळवणाऱ्यांना चालतंय ते, खंडणीवाल्यांना चालतंय ते, आमालाच तेवढी चटणी काय?"

मला वाटलं ती आणखी एक मूठ मारेल. तिनं तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला. "डोळं धू. खरं हाय तुझं. हत्यार तेच हाय. कॉम्प्युटर बंद पाडून पैसे उकळणारी माणसं हेच नाणं मागत्यात, श्रीनिवासनं सांगितलंय मला. पण कुऱ्हाड दरोडेखोराच्या हातात हाय म्हणून मी सरपण फोडायचं बंद करू?" तो गेल्यावर मला म्हणाली, "ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय. असलं काय तर लिव तू." माझ्याकडेही नाही. एवढं लिहिते, की उघड्या व्यवहाराचं गुणगान करणाऱ्या एकाही माणसाच्या दारात आजवर कुणी जॅकचा दांडा घेऊन उभं राहिलेलं नाही.

आता नितीन आणि ऋतुजा. नितीन आमच्या गल्लीतला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचणारा. ऋतुजा करमाळ्याकडची, मोठ्या शेतीच्या घरातली. कॉलेजात भेटले, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, आणि आक्कानं त्यांना त्याच दिवशी गावाबाहेर काढलं. कुठे, ते त्यांनी स्वतः ठरवलं. दर महिन्याला ते झाकलं नाणं जायचं. पोचायचं. बस्स.

मार्चमध्ये एका दुपारी ऋतुजाचे दोघे भाऊ आक्काच्या घरी आले. आक्कासोबत कुटणाऱ्या दोन्ही बायका जेवायला गेल्या होत्या. आमच्या घरात मी आणि आई होतो, मुसळाचा आवाज येत होता, म्हणून आम्ही मान वर केली नाही. गल्लीतल्या कुणीच केली नाही. आवाज चालू म्हणजे आक्का कामात.

ते मुसळच होतं. त्यांनी तिचा उजवा हात उखळाच्या काठावर धरला होता आणि एकेक बोट ठेचत होते.

ती ओरडली नाही असं मी म्हणणार नाही. घाव घालताना ते दर वेळी तिच्या तोंडात तिचाच पदर कोंबत होते. तिनं नंतर जे सांगितलं, ते तिच्या शब्दांत देते, कारण मला ते सुधारून लिहिता येत नाही.

"त्यांनी इचारलं कुटं हायत. मी म्हटलं मला म्हाईत न्हाय. पहिल्या बोटाला त्यांचा इश्वास बसला न्हाय. दुसऱ्याला बसला न्हाय. मग माझाच अंगठा लावून मोबाईल उघडला. पाकीट उघडलं. त्यात ती लांबलचक अक्षरं, ज्याला पाठवलं त्याची. मी म्हटलं, वाचा की. हाय का त्यात गाव? त्यांनी फोटो काढून कुणाला तरी पाठवला. त्यो म्हणला, ह्याच्यातनं काय बी निघत न्हाय. मग तिसरं बोट ठेचलं. तवा धाकटा रडायला लागला. म्हणला, दादा, हिला खरंच ठावं न्हाय रं."

ते निघून गेले. आम्ही धावलो तेव्हा उखळातली चटणी लाल होतीच, पण ती चटणीची लाली नव्हती.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून मूर्खासारखं म्हणाले, "आक्का, तू किती धीराची."

तिनं डाव्या हातानं माझ्या दंडाला धरलं. जोरात. "धीर बीर काय न्हाय. चौथ्या बोटाला मी सांगितलं असतं. मी काय दगड हाय का? म्हणून तर ठावं नको असतंय. माणूस फुटणार, हे धरून चालायचं. फुटला तरी आतनं काय निघू नये, एवढंच बघायचं."

तिची तक्रार नोंदवली गेली. भाऊ दुसऱ्याच दिवशी जामिनावर सुटले.

एप्रिल आला. जयंतीची तयारी, कमानी, निळे झेंडे, भोंगे. ज्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या कुठल्याच पाटीवर लागली नाहीत, त्यांना वर्गणीच्या फलकावर आपलं नाव हवं असतं, भोंग्यावरून ते ऐकायचं असतं. मी त्या भुकेला हसणार नाही. माझ्या वडिलांचं नाव पहिल्यांदा वाचलं गेलं तेव्हा आजोबांनी गल्लीत पेढे वाटले होते.

नितीननं वर्गणी पाठवली.

गल्ली सोडून पहिलीच जयंती. त्याला राहवलं नाही. स्वतःचं खातं नव्हतं, म्हणून जिथं कामाला होता त्या बेकरीच्या मालकाच्या हातात रोख दिली आणि मालकाच्या मोबाईलवरून आमच्या मंडळाचा खजिनदार बाळू याच्या मोबाईलवर पैसे पाठवले. सोबत दोन शब्द, "नितीनकडून, जय भीम." बाळूच्या स्क्रीनवर बेकरीचं नाव उमटलं, आणि त्या नावातच शहराचं नाव होतं. बाळूच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून जयंतीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "भाऊ कुठंही असो, वर्गणी चुकली नाही." ग्रुपमध्ये दोनशे माणसं. सकाळी नऊपर्यंत तो स्क्रीनशॉट दुसऱ्या तीन ग्रुपांवर गेला होता. वर निळी हृदयं.

मी तो आक्काला दाखवला. ती मांडवाकडे चालत गेली. बाळू कमानीला दिवे बांधत होता.

"आक्का, बघितलंव का? आपल्या नित्याची..."

तिनं त्याच्या हातातला मोबाईल घेतला, फरशीवर ठेवला आणि प्लास्टर घातलेला उजवा हात वरून आपटला. एकदा, दोनदा, प्लास्टर फुटेपर्यंत. बाळू फुटलेले तुकडे गोळा करायला वाकला.

"आक्का, नाव सांगितलं न्हाय तर त्याला काय वाटलं असतं? पोरगं लांब पडलंय."

"व्हय," ती म्हणाली. "लई माया केलीस बाबा तू."

तो बुधवार होता. नितीन रविवारशिवाय पाकीट उघडत नसे, मोबाईल बंद. मी बेकरीचा नंबर शोधून फोन लावला. मालक म्हणाला, असं कुणी हितं नाही. आक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. "मी इंदूआक्का बोलतीय. त्यास्नी म्हणावं निगा." पलीकडून फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा बंद.

ती हसली. त्या दिवसातली एकदाच. "नियम पाळला पोरानं. बरोबर शिकवलं मी."

शेख वकिलांनी तिथल्या पोलिसांना फोन केला. बघतो म्हणाले. आक्कानं विचारलं, "गाडी कितीला हाय?"

त्यापुढचं बेकरीच्या मालकानं सांगितलं. तो आक्काच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे ती गेल्यावर तिच्यासाठी झालेल्या वंदनेला, सोलापुरात आला होता, मोडकं मराठी आणि कन्नड मिसळून बोलत होता. आक्का दिवेलागणीला पोचली. तिचं प्रत्यक्ष तोंड बघितल्यावर पोरांनी विश्वास ठेवला. दहा मिनिटांत दोघं मागच्या दारानं निघाली. कुठं जाताय हे तिनं विचारलं नाही. मालक तिला म्हणाला, आक्का, तुम्हीही जा. ती म्हणाली, पोरं पायी निघाली आहेत, त्यांना वेळ पाहिजे.

भाऊ सकाळी आले. सोबत आणखी एकदोघे होते. भट्टी पेटलेली, आक्का दारात पोत्यावर बसलेली. थोरल्यानं तिला ओळखलं. म्हणाला, "तू हितं? आता सांग."

आयुष्यभर माहीत नाही म्हणणारी बाई त्या सकाळी म्हणाली, "सांगती. वर माळ्यावर झोपल्यात."

ते वर चढले. पिठाची पोती फाडली, पत्रे उचकटले. खाली आले. "मागच्या गोदामात असतील," ती म्हणाली. ते गोदामात गेले. परत आले. तिनं तिसरी जागा सांगितली. मालक म्हणाला, तिच्या तोंडाकडे बघून त्यांना तिन्ही वेळा खरं वाटलं. चौथ्यांदा नाही. थोरल्यानं भट्टीतली लांब सळई ओढून काढली. मालक मध्ये पडला तर त्याचा हात भाजला, तो त्यानं आम्हाला दाखवला. आक्काच्या डोक्यावर किती घाव होते, ते मी लिहीत नाही. पोलीस आले तोवर पाव भाजून करपले होते.

खटला चालू आहे. पोरं सापडलेली नाहीत. आमच्या माणसांनाही नाहीत.

मी तिला शेवटचं पाहिलं ते एसटी स्टँडवर. बाळूनं तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती आणि तो आत तिच्याकडे न बघता उभा होता. फुटलेल्या प्लास्टरवर तिनं रुमाल गुंडाळला होता. वाहक आला. त्यानं विचारलं, "मावशी, कुटं?" ती रुमालाची गाठ आवळत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा बाळूकडे बघितलं आणि गावाचं नाव सांगितलं, इतक्या हळू की वाहकाला वाकावं लागलं. मी ते ऐकलं. इथं लिहिणार नाही. मी आणि बाळू खाली उतरलो, गाडी हलली. तिनं हात केला नाही. पुढच्या सीटवर एक बाई डब्यातली भाकरी सोडत होती, आक्का तिच्याशी बोलायला लागली होती.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. जयंती असो, गणपती असो, उरूस असो, तुमच्या मंडळाची पहिली बैठक बसेल तेव्हा उभे राहा आणि म्हणा, या वर्षी वर्गणीदारांची नावं फलकावर नकोत, भोंग्यावर नकोत, ग्रुपवर नकोत. लोक विचारतील, का? कुणासाठी? सांगा, नाव घेता येत नाही, म्हणूनच.